मुलाला ही गोळी सुरू करू की नको?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका आईने लिहिलं आहे. मुलगा आठ वर्षांचा. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. पाणी, भात, गाडी, आजी असे मोजके शब्द बोलतो. आजवर घरच्यांनी सगळं निभावून नेलं. पण गेल्या चार महिन्यांपासून तो डोकं भिंतीवर आपटतो, रक्त येईपर्यंत मनगट चावतो, धाकट्या बहिणीला मारतो आणि रात्री दोन दोन वाजेपर्यंत झोपत नाही. "औषध सुरू करा, मगच पाठवा," असं शाळेने सांगितलं आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी रिस्पेरिडोन लिहून दिलं. नवऱ्याने मोबाइलवर नाव शोधलं, 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द वाचला आणि "माझ्या पोराला वेड्याचं औषध द्यायचं नाही" म्हणून स्ट्रिप फ्रिजवर टाकून दिली. ती तीन आठवडे तिथेच आहे. सासूबाई म्हणतात, "ह्याचा बाप पण उशिराच बोलला, आमच्या वेळी कुठे होती असली औषधं." पुण्याची नणंद स्टेम सेलसाठी पैसे उभे करायला सांगते. आई विचारते: औषधाने माझा मुलगा गुंगीत पडून राहील का? सवय लागेल का? की औषध न देऊन मीच त्याचं वाईट करतेय? आणि नवऱ्याला न सांगता दुधातून दिलं तर?

उत्तर:

ताई, तुमचे प्रश्न चार दिसत असले तरी घरात ज्यावर भांडण चाललंय तो प्रश्न एकच आहे: औषध द्यायचं की नाही. मला तो प्रश्नच अर्धा वाटतो. औषध कशासाठी द्यायचं, किती दिवस देऊन बघायचं आणि उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरवायचं, एवढं एकदा बोलून झालं की 'हो' किंवा 'नाही' म्हणायला सोपं जातं. तुमच्या घरात हे कुणीच बोललेलं दिसत नाही. डॉक्टरांनीही बहुधा चिठ्ठी लिहिली आणि पुढचा पेशंट आत आला. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोसबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. बाकीचं मात्र सविस्तर लिहिते.

आधी नवऱ्याच्या शंकेकडे येऊ. त्यांनी वाचलं ते खोटं नाही. रिस्पेरिडोन हे स्किझोफ्रेनियाचं औषध म्हणूनच बाजारात आलं. पण एकच औषध दोन ठिकाणी चालतं, हे आपल्या घरात नेहमीचंच आहे. डोकं दुखलं की घ्यायची ॲस्पिरिन आजोबांना हृदयासाठी रोज कमी मात्रेत सुरू असते, म्हणून डोकेदुखीच्या पेशंटला कुणी हृदयरोगी म्हणत नाही. ऑटिझम असलेल्या ५ ते १६ वर्षांच्या मुलांमधली तीव्र चिडचिड, मारामारी आणि स्वतःला इजा करून घेणं यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये या औषधाला मान्यता दिली. त्यानंतर २००९ मध्ये ॲरिपिप्राझोल या दुसऱ्या औषधाला मिळाली. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी काही भलतंच लिहून दिलेलं नाही. ज्या तक्रारी तुम्ही सांगितल्या, त्यांच्यासाठीच हे औषध वापरलं जातं.

मान्यता कशाच्या जोरावर मिळाली, हेही त्यांना सांगा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटिझम असलेली आणि अशाच तीव्र वागणुकीची १०१ मुलं होती. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे आईवडिलांनाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. आठ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली, नुसती गोळी घेणाऱ्यांत १२ टक्के. मुलांच्या औषधांत एवढा फरक क्वचितच दिसतो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही त्यांच्यापुढे ठेवा: त्या आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोने वाढलं, इतरांचं ०.८ किलोने. दोन महिन्यांत पावणेतीन किलो ही आठ वर्षांच्या मुलासाठी किरकोळ गोष्ट नाही. भूक अशी खवळते की काही मुलं रात्री उठून डबे उघडतात. फायदा सांगताना हा आकडा गाळणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि नुसता हाच आकडा सांगून घाबरवणाऱ्यावरही नको.

आता हे औषध काय करत नाही, ते. या औषधाने तो बोलायला लागणार नाही. ऑटिझमचा गाभा म्हणजे संवाद, माणसांत मिसळणं, आपल्याच ठरलेल्या पद्धतीने सगळं व्हावं हा हट्ट. त्यावर आज जगात कुठेही गोळी नाही. एकच एक कृती पुन्हा पुन्हा करणं कमी व्हावं म्हणून सिटालोप्राम हे औषध १४९ मुलांवर वापरून पाहिलं गेलं, २००९ मध्ये निकाल आले, आणि ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाचा असाच गाजावाजा झाला होता, इंजेक्शन घेतलं आणि मूल बोलायला लागलं म्हणून. नीट चाचणी झाली तेव्हा त्यातही काही निघालं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्या पत्रात एक ओझरतं वाक्य आहे: "ते म्हणतात, एवढं जालीम औषध घेऊन निदान बोलायला तरी लागला पाहिजे." ही अपेक्षा धरून औषध सुरू केलंत तर मुलगा डोकं आपटायचा थांबला तरी दोन महिन्यांनी घरात 'काही उपयोग झाला नाही' असंच ठरेल.

मग डोकं आपटणं कमी झाल्याचा शिकण्याशी काहीच संबंध नाही का? आहे, पण आडून. कृष्णेला पूर असताना कुणी पोरांना पोहायला शिकवत नाही, पाणी उतरावं लागतं. शिकवायचं काम मात्र नंतरही माणसालाच करावं लागतं.

यापुढचा मुद्दा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. तुम्ही लिहिलंय, 'गेल्या चार महिन्यांपासून'. साडेसात वर्षं हे मूल असं वागत नव्हतं. मग चार महिन्यांपूर्वी काय झालं? ज्या मुलाला 'माझं पोट दुखतंय' म्हणता येत नाही, ते दुखणं कसं सांगेल? आठव्या वर्षी दुधाचे दात पडत असतात, कायमच्या दाढा आलेल्या असतात, आणि आपल्याकडे ऑटिझम असलेल्या कितीतरी मुलांना दंतवैद्याच्या खुर्चीत कुणी कधी बसवलेलंच नसतं. ब्रश तोंडात घालू देत नाहीत, म्हणून दात किडलेले असतात आणि आत बघायला कुणी धजत नाही. कान ठणकत असेल तर मूल त्याच बाजूने डोकं आपटू शकतं. तुमचा मुलगा डोक्याची कोणती बाजू आपटतो, आठवून बघा. बद्धकोष्ठता हे दुसरं. ऑटिझम असलेल्या मुलांत ती फार आढळते, कारण खाण्यात ठरलेले चारच पदार्थ. पातळ शी होतेय म्हणून पोट साफ आहे असं समजू नका. आत खडा अडकलेला असला की त्याच्या कडेने पातळ गळत राहतं. बालरोगतज्ज्ञ पोटावर हात ठेवून पाच मिनिटांत सांगतात.

झोपही बघायची. रात्री घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का? टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले असले तर झोप मोडते आणि दिवसभर मूल पिसाळल्यासारखं वागतं. ऑटिझममध्ये फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा बरंच जास्त असतं आणि प्रत्येक फिट हातपाय झाडणारी नसते. मध्येच टक लावून थांबत असेल, हाक मारूनही भानावर येत नसेल, किंवा होते ते शब्दही गेले असतील तर डॉक्टरांना ईईजीबद्दल, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीबद्दल, विचारा. (फिट्सची गोळी आधीच सुरू असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी: ती गोळी हा या चर्चेचा विषय नाही, ती कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही.)

आणि शेवटी शरीराबाहेरचं. या चार महिन्यांत शाळेत बाई बदलल्या का? वर्गाची खोली, रिक्षावाले काका, बसायची जागा? घरात बांधकाम, पाहुणे, कुणाचं आजारपण? या मुलांना आपल्याला क्षुल्लक वाटणारा बदल आभाळ कोसळल्यासारखा असतो. एखादा मुलगा त्याला नेहमी हाताला धरून नेणाऱ्या शाळेतल्या मावशी निवृत्त झाल्या म्हणून महिनाभर चावत सुटतो, आणि सगळे त्याचं औषध बदलत बसतात.

दात, कान, पोट एवढं तपासून व्हायला एक आठवडा पुरतो. फ्रिजवर तीन आठवडे पडलेली स्ट्रिप आणखी एक आठवडा थांबू शकते. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मुलांच्या विकासाच्या तक्रारींसाठी 'डीईआयसी' नावाचं केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली. तिथे डोळे, कान, दात, वाचा एकाच छताखाली बघितले जातात आणि खर्च नसतो. मात्र जखमा खोल व्हायला लागल्या, डोळ्याजवळ आपटायला लागला, तर आठवडाभरही थांबू नका, डॉक्टरांना लगेच फोन करा.

याच आठवड्यात दुसरं एक काम. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच चौकोनांत रोज तीन गोष्टी लिहा: डोकं किती वेळा आपटलं, किती वाजता झोपला, शी झाली का. मारलं असेल तर कुणाला आणि त्याच्या आधी काय चाललं होतं, ते दोन शब्दांत. 'आज फार त्रास दिला' असं लिहू नका, आकडा लिहा. औषध सुरू व्हायच्या आधीचे सात-आठ दिवस कागदावर असले की पुढे 'मला तर फरक वाटतो' आणि 'मला काही दिसत नाही' हे भांडण होत नाही. ते कॅलेंडर काढून तसंच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचं. आणि कदाचित चौथ्या-पाचव्या दिवशी तुमचं तुम्हालाच दिसेल, की आपटणं संध्याकाळी सहा ते आठमध्येच होतंय, कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही आणि बहिणीचा पाढे म्हणण्याचा आवाज एकत्र येतो तेव्हा. असं काही निघालं तर त्याला गोळीच्या आधी शांत खोली लागेल.

आणि समजा सगळं तपासून झालं, काही सापडलं नाही, आपटणं-चावणं चालूच आहे. तर माझं मत स्पष्ट सांगते: मी औषध सुरू करण्याच्या बाजूने आहे. रक्त येईपर्यंत स्वतःला चावणारं मूल सुखात नसतं. 'नैसर्गिकपणे वाढू दे' म्हणत त्याला त्या अवस्थेत ठेवणं हाही एक निर्णय आहे, आणि त्याचेही दुष्परिणाम आहेत. ते फक्त कुठल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेले नसतात.

पण सुरू करायचं ते असं. नवऱ्यासह डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि विचारा: सुरुवात सगळ्यांत कमी मात्रेने आहे ना? पहिली तपासणी केव्हा? वजन, उंची, कंबरेचा घेर, रक्तातली साखर आणि चरबी आज मोजून ठेवायची का, पुन्हा केव्हा? किती आठवड्यांत फरक दिसला नाही तर बंद करायचं? आणि फरक दिसला तर कमी करून बघायचं ते कधी? शेवटचा प्रश्न बहुतेक पालक विचारतच नाहीत आणि मग तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून वर्षानुवर्षं गोळ्या आणत राहतात. गोळी सुरू आहे म्हणून मूल शांत आहे की आता गोळीशिवायही शांत राहील, हे मधून मधून बघावंच लागतं. मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही. २००५ च्या एका छोट्या अभ्यासात, औषधाने बरी वागणारी मुलं काही महिन्यांनी हळूहळू औषध नसलेल्या गोळीवर आणली, तेव्हा त्यातल्या साठ टक्क्यांहून अधिकांना जुना त्रास परत सुरू झाला. औषध चालू ठेवलेल्यांत आठातल्या एकाला झाला. 'कायमचं मागे लागतं का' याचं प्रामाणिक उत्तर हेच आहे: काहींना लवकर सोडता येतं, काहींना जास्त दिवस लागतं, आणि ते कमी करून पाहिल्याशिवाय कळत नाही. दारू-तंबाखूसारखी त्याची तलफ मात्र लागत नाही.

गुंगीबद्दल विचारलंत. सुरुवातीच्या आठवड्यांत झोप जास्त येते, बहुतेकांची नंतर कमी होते. म्हणून कित्येक डॉक्टर रात्रीची मात्रा देतात. पण महिना झाला तरी मूल दिवसा पेंगतंय, लाळ गळतेय, आवडती गाडी पुढ्यात ठेवली तरी बघत नाही, असं झालं तर 'शांत झाला' म्हणून समाधान मानू नका. मात्रा जास्त होतेय किंवा औषध त्याला मानवत नाही. आपल्याला तोच मुलगा हवाय, फक्त कपाळ न फोडणारा. हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

औषधाच्या जोडीला आईवडिलांचं प्रशिक्षण झालं तर फायदा वाढतो, हेही तपासून झालेलं आहे. १२४ मुलांच्या एका अभ्यासात एका गटाला नुसतं रिस्पेरिडोन दिलं, दुसऱ्या गटात पालकांनाही शिकवलं: चिडण्याआधीच्या खुणा कशा ओळखायच्या, कुठल्या वागण्याला दाद द्यायची, कुठल्याला नाही, दिवसाचा क्रम चित्रांनी कसा दाखवायचा. दुसऱ्या गटातली मुलं वागण्यात अधिक सुधारली आणि त्यांना औषधही थोडं कमी लागलं. हे शिकायला मोठ्या शहरातच जावं लागतं असं नाही. गोव्याच्या 'संगत' संस्थेने ऑटिझम असलेल्या लहान मुलांच्या आईवडिलांना घरी जाऊन शिकवण्याचा प्रयोग केला. शिकवणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते होते. त्याचे निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आई-मुलाच्या संवादात फरक दिसला. मुंबईत 'उम्मीद' हे केंद्रही पालकांबरोबर काम करतं. तुमच्या जवळच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) किंवा स्पीच थेरपीच्या मॅडमना विचारा, "माझ्या मुलाला अर्धा तास घेण्याऐवजी त्यातली दहा मिनिटं मला शिकवाल का?" नाही म्हणाल्या तर मॅडम बदला.

आता दुधातून गुपचूप. नको. नवऱ्याचा मान राहावा म्हणून हे सांगत नाही, मुलाच्या जिवासाठी सांगतेय. तुम्ही गोळी दिलीत, त्याच दिवशी तो तापला, सासूबाईंनी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं आणि "काही औषध चालू आहे का?" या प्रश्नावर घरच्यांनी खात्रीने "नाही" सांगितलं, तर? मान आखडली, गुंगी चढली, तर कारण फक्त तुम्हाला माहीत, आणि तुम्ही बोलायला घाबरणार. शिवाय अशी मुलं चवीच्या बाबतीत भलती चाणाक्ष असतात. दूध कडू लागलं की ते दूध सोडतात, आणि खाण्याच्या चार पदार्थांतला एक कायमचा जातो. हे औषध पातळ स्वरूपातही मिळतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मात्र पातळ औषध चहात किंवा कोल्ड्रिंकमध्ये मिसळायचं नाही. आपल्याकडे पोरांना बशीत चहा ओतून द्यायची सवय, म्हणून सांगून ठेवते. आणि मुलालाही सांगून द्या. त्याला चार शब्द बोलता येतात म्हणजे चारच समजतात असं नाही. "हे औषध, डोकं आपटायची इच्छा कमी व्हावी म्हणून," एवढं वाक्य रोज म्हणा.

नवऱ्याला पटवायचं कसं? वाद घालून नाही. त्यांना कॅलेंडर लिहायला लावा, संध्याकाळचे दोन तास त्यांच्याकडे. जो दिवसभर बाहेर असतो त्याला आपटण्याचा आवाज दिवसातून एकदाच ऐकू येतो. मग त्यांना म्हणा, "आठ आठवडे. आकडे कमी झाले नाहीत तर तुम्ही म्हणाल ते." ठरावीक मुदतीचा प्रयोग माणूस कबूल करतो, आयुष्यभराचं औषध कबूल करत नाही. त्यांच्या विरोधात भीती आहे, बेपर्वाई नाही. 'वेड्याचं औषध' म्हणताना त्यांना पोराचं पुढचं सगळं आयुष्य दिसत असणार.

सासूबाईंच्या 'आमच्या वेळी नव्हती'ला उत्तर देत बसू नका. पण इतर वाचकांसाठी सांगते, मुलांच्या वागण्यावरची औषधं काल-परवाची नाहीत. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी अतिचंचल आणि वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना एक उत्तेजक औषध दिलं आणि त्यातली निम्मी मुलं अभ्यासाला लागलेली पाहून तेच चकित झाले. आज एडीएचडीसाठी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं यासाठी, जे मेथिलफेनिडेट देतात, ते त्याच जातकुळीचं. ज्यांच्या मुलांना हे लिहून दिलंय त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: वर लिहिलेली वजनवाढ इथे लागू नाही, इथे उलट भूक मरते, झोप लांबते, म्हणून वजन-उंची मोजत राहायची. औषधाचा असर त्याच दिवशी दिसतो आणि काही तासांत उतरतो. भारतात ते 'शेड्यूल एक्स'मध्ये आहे, दुकानदाराला चिठ्ठीची प्रत ठेवून घ्यावी लागते, म्हणून ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. तो काळाबाजार नव्हे, कायदा आहे. एडीएचडी असलेल्या ५७९ मुलांच्या १९९९ मधल्या मोठ्या अभ्यासात, नीट देखरेखीखाली औषध घेतलेल्यांची चंचलता चौदा महिन्यांत सगळ्यांत चांगली आटोक्यात आली, पण तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटागटांतला फरक उरला नव्हता. ऑटिझम आणि अतिचंचलता दोन्ही असतील तर याच औषधाचा गुण कमी येतो: ७२ मुलांच्या अभ्यासात साधारण निम्म्यांनाच आला, आणि १८ टक्के मुलांना त्रासामुळे ते थांबवावं लागलं. तेव्हा शेजारच्या मुलाला जे लागू पडलं ते आपल्याला पडेलच असं नाही.

नणंदबाईंना एवढंच कळवा: ऑटिझमवर स्टेम सेल उपचार करायची शिफारस नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलंय, आणि तो करणं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. दागिने मोडू नका. घटक न लिहिलेली बुद्धिवर्धक पुडी कुणी दिली तर तीही नको. आत शिसं-पारा नाही, हे सांगणारं कुणी नसतं.

शाळा. 'औषध सुरू करा, मगच पाठवा' असं सांगण्याचा अधिकार शाळेला नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ऑटिझमला लागू आहे आणि सरकारमान्य शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता शिकवायचं असतं. भांडण नको असेल तर आधी मुख्याध्यापकांना एक अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात मागा: दिवसातून दोनदा वर्गाबाहेर दहा मिनिटं शांत जागा, मधल्या सुट्टीत एक माणूस, आणि कॅलेंडरसारखीच त्यांच्याकडची नोंद. औषधाचा निर्णय मुलाच्या त्रासावरून घ्यायचा. शाळेच्या सोयीसाठी घेतला तर मात्रा वाढत जाते, कारण वर्गाला अजून शांतता हवीच असते.

खर्चाचं: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' आरोग्य विम्यात ऑटिझमचा समावेश आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही येतात.

तुम्ही विचारलंत, मीच वाईट करतेय का. चार महिने रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या माणसाने हा प्रश्न रात्री स्वतःला विचारूच नये. आठवड्यातल्या दोन रात्री मुलाजवळ नवऱ्याने झोपायचं, तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून. हे औषधाच्या आधी सुरू करा.

राहता राहिलं सावधगिरीचं. औषध सुरू केल्यावर मान एका बाजूला आखडली, डोळे वर गेले, जीभ जड झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. खूप ताप आणि अंग लाकडासारखं कडक झालं तर सरळ दवाखान्याच्या अपघात विभागात, आणि जाताना स्ट्रिप बरोबर न्यायची. ती स्ट्रिप आजच फ्रिजवरून उचलून कुलपाच्या कपाटात ठेवा. तुमची धाकटी अजून लहान आहे आणि फ्रिजशेजारच्या खुर्चीवर चढायला तिला वेळ लागायचा नाही.